चौथ्या कोपऱ्यातलं पितळ

४ जून

पेचबाई,

तुला आशीर्वाद द्यायचं मला कारण नाही आणि खुशाली विचारायची इच्छा नाही, म्हणून थेट कामाचं लिहिते. फोन करणार नाही. फोनवर तू माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीस. शिवाय माझ्या फोनवर आलेलं काहीही संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या घराला पाठ झालेलं असतं.

तू घर सोडून गेल्यानंतर धाकट्यानं, म्हणजे तुझ्या एके काळच्या नवऱ्यानं, माझ्या नेत्र रुग्णालयाला ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपचा स्टँड करून दिला. लेन्स परदेशी कंपनीच्या आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार घरच्या मालाबद्दल आहे. चाकांचं बूड, उभा खांब, त्यावरचा आडवा हात आणि हातावर बसवलेली दिव्याची पेटी, हे सगळं त्याच्या कारखान्यातलं, म्हणजे घरचं. हात वळवला की कधी कधी दिवा जातो. पुन्हा वळवला की येतो. पहिल्यांदा मी डोळेझाक केली. डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळेझाक करणं बरं नव्हे, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.

धाकटा येऊन गेला. त्यानं बाहेरचे स्क्रू आवळले, चहा घेतला आणि जाताना म्हणाला की सर्किट तुझ्या नकाशावरून केलंय, त्यामुळे दोष मुळातच आहे. माझा त्याच्यावर विश्वास आहे. तुझ्या हातचं काही धड टिकल्याचं मला आठवत नाही, संसारासकट.

काय दुरुस्ती करायची ते लिहून कळव. स्वतः येऊ नकोस.

डॉक्टर (तुझी एके काळची नणंद)


११ जून

डॉक्टरताई,

नमस्कार सोडून बाकी सगळं. तुमचं पत्र वाचून हायसं वाटलं. इतक्या वर्षांत तुमच्या जिभेची धार गेली असेल अशी मला काळजी होती.

येणार नाही, घाबरू नका. मला इथे पुष्कळ कामं आहेत. मी एका संशोधन संस्थेत उपकरणं जुळवते, आणि इथल्या लोकांना मी बोललेलं कळतं. तुमच्या घरी राहून आलेल्या माणसाला याचं फार अप्रूप वाटतं.

दुरुस्ती न बघता सांगता येत नाही. तुम्हीही पेशंटचा डोळा न बघता थेंब लिहून देत नसाल अशी आशा आहे. तेव्हा असं करा. वीज बंद करून दिव्याच्या पेटीचं झाकण काढा. आत एक हिरवा सर्किट बोर्ड दिसेल. त्याच्या चारही कोपऱ्यांत भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाखाली एक छोटा खांब आहे. त्याला आम्ही स्टँडऑफ म्हणतो. बोर्ड पेटीच्या पत्र्याला टेकू नये म्हणून ते त्याला अधांतरी उचलून धरतात. बोर्डाच्या खालच्या बाजूला तारांची टोकं असतात. ती पत्र्याला लागली की दिवा गेलाच म्हणून समजा.

माझ्या नकाशात तीन कोपऱ्यांत पितळी खांब आहेत आणि चौथ्यात नायलॉनचा. चौथ्या भोकाच्या अगदी कडेनं वीज वाहणारी पट्टी जाते. तिथे धातूचा खांब घातला तर त्याचं डोकं त्या पट्टीला लागेल, म्हणून नायलॉन. पितळ का, तर आटे धरून ठेवतं आणि रोजच्या हलवाहलवीत पिचत नाही.

तुमच्या पेटीत काय आहे ते बघा आणि कळवा. हे काम बंधुराजांना सांगू नका. ते पुन्हा बाहेरचेच स्क्रू आवळतील. आयुष्यभर त्यांनी तेवढंच केलंय.

पेचबाई

(सदा स्क्रूंचे पेच फिरवते म्हणून हे नाव तुम्ही ठेवलंत तेव्हा मला राग आला होता. आता इथे सगळे याच नावानं हाक मारतात. तुमच्याकडून मिळालेली तेवढी एकच गोष्ट उपयोगी पडली.)


१९ जून

पेचबाई,

झाकण काढलं. मोतीबिंदू काढण्यापेक्षा अवघड नव्हतं, तेव्हा फार मोठं काम सांगितल्याचा आव आणू नकोस.

आत पितळ नाही. तीन खांब पांढऱ्या प्लास्टिकचे, पोकळ आणि उंचीला जेमतेम. त्यातले दोन उभे चिरलेत. एका कोपऱ्यात तर खांबच नाही. त्या जागी लाल बॉलपेनची नळी कापून घातली आहे. नळीवर पेनाच्या कंपनीचं अर्धं नाव अजून वाचता येतं.

मी ती नळी टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसले होते. मग धाकट्याला विचारलं. त्याचं म्हणणं, नकाशात असंच दाखवलंय आणि काटकसरीची ही अक्कल तुझीच. मला ते पटलं. आमच्या घरात असताना तू फाटक्या मोज्यांनी खिडक्या पुसायचीस, ते मी विसरलेले नाही.

आणखी एक. त्याचं नवं मॉडेल येतंय. पुढच्या महिन्यात डॉक्टर मंडळींसमोर त्याचं उद्घाटन आहे आणि फीत मी कापणार आहे. त्यामुळे हा जुना स्टँड तसाही निघणारच आहे. तोवर चालेल असं काहीतरी सुचव. लांबण लावू नकोस.

डॉक्टर


२५ जून

डॉक्टरताई,

मोज्यांनी खिडक्या चांगल्या निघतात. बॉलपेनच्या नळीवर मात्र कुणाचा डोळा टांगून ठेवता येत नाही. तुम्हाला या दोन गोष्टींतला फरक कळत नसेल तर रुग्णालयाचं दार लावून घ्या आणि खिडक्या पुसा.

मी घर का सोडलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं ना? बाई डोक्यानं जड, पायानं चंचल. तर आता ऐका. मी पितळी खांब घालून, तपासून, बंद करून ठेवलेल्या पेट्या बंधुराज माझ्या पाठीमागे उघडायचे आणि आत प्लास्टिक भरायचे. एकदा परत आलेली पेटी मी उघडली तेव्हा कळलं. मी विचारलं तर हसून म्हणाले, "झाकणाच्या आत कोण बघतंय?" मी ते प्लास्टिक जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. तुमच्या आईंनी ते ताटाजवळून बाजूला सारलं. बंधुराज म्हणाले, हिला सगळीकडे पेचच दिसतात, डॉक्टरला दाखवायला हवं. आणि डॉक्टर तिथेच बसल्या होत्या. तुम्ही काय म्हणालात? "चार स्क्रूंसाठी कुणी संसार मोडतं का?"

मोडतं. मी मोडला.

सोबत डबी पाठवते आहे. तीन पितळी खांब, एक नायलॉनचा, आणि त्यांना लागणारे स्क्रू व वॉशर. नायलॉनचा कुठे बसवायचा त्या कोपऱ्याजवळ पट्टी दिसेलच. स्क्रू हातानं बसेल तेवढा बसवा आणि मग हलकेच आवळा. नायलॉनला जोर सहन होत नाही. तुमच्या घरात ते कधीच टिकलं नसतं.

खांब बदलेपर्यंत त्या मायक्रोस्कोपखाली कुणाला झोपवू नका. हे मी लांबण लावून सांगत नाहीये.

पेचबाई


५ जुलै

पेचबाई,

डबी मिळाली. खांब बसवले. नायलॉनचा चौथ्या कोपऱ्यात. दिवा आता स्थिर आहे.

एक विचारायचं आहे. टेबलाच्या कडेला पकडीनं बसेल आणि हवा तसा वळवला की हात न लावता तसाच राहील असा हातबॅटरीचा स्टँड तयार मिळतो का? बॅटरी माणसानं धरली की थरथरते. मिळत असेल तर कोणता घ्यावा?

बाकी सगळं ठीक.

डॉक्टर


१० जुलै

डॉक्टरताई,

तुमच्या पत्रात एकही टोमणा नाही. मला घाम फुटला.

वाकडी मान असलेला, टेबलाला घट्ट बसणारा पकडीचा स्टँड मिळतो. पकडीच्या तोंडाला रबर असलेला घ्या, आणि बूड इतकं जड की मान पूर्ण ताणली तरी कलंडणार नाही. हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आता माझा प्रश्न. ज्या खोलीत मायक्रोस्कोपचा दिवा स्थिर आहे, तिथे हातबॅटरी कशाला लागते? ती कुणी धरली होती आणि कुणाचा हात थरथरत होता? डबी पोचायच्या आधी तुम्ही ऑपरेशन केलंत. टेबलावर कोण होतं?

खोटं लिहिणार असाल तर लिहू नका. ते तुमच्या घरात मला भरपूर मिळालंय.

पेचबाई


१६ जुलै

पेचबाई,

केलं. तुझी डबी पोचली त्याच दिवशी सकाळी. पेशंट एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. एक डोळा लहानपणापासूनच निकामी, दुसऱ्यात पिकलेला मोतीबिंदू. त्यांची तारीख मीच दोनदा पुढे ढकलली होती, तिसऱ्यांदा सांगायला लाज वाटली. आणि मला वाटलं, स्टँडचा हात न वळवता काम करू, काय होतंय. तू सांगितलंस म्हणून थांबायचं, हेही मला जमेना. तेही लिहून टाकते.

आतली गढूळ लेन्स फोडून निम्मी बाहेर काढली होती आणि माझी सुई डोळ्यात होती, तेव्हा दिवा गेला. मी हातही वळवला नव्हता. नुसता पाय हलला आणि बुडाला धक्का लागला. मायक्रोस्कोपमध्ये काळोख. तसा काळोख तू बघितला नसशील. तुझी सुई कुठे आहे ते तुझ्या बोटांना माहीत असतं आणि तुला माहीत नसतं. मी म्हटलं, "कुणी हलू नका." शिवणकामवाल्या बाई चादरीखालून शांतपणे म्हणाल्या, "मी हलत नाहीये, तुम्ही तुमचं बघा."

सिस्टरनं हातबॅटरी धरली. तिचा हात कापत होता, तिच्याकडे दोष नाही. त्या उजेडात मी सुई बाहेर काढली, मग जुना डोक्याला बांधायचा दिवा आणवला आणि उरलेलं काम तशाच अंधुक उजेडात संपवलं. आतला नाजूक पडदा थोडा फाटला. डोळा सुजला. आज इतके दिवस झाले, त्यांना धुक्याशिवाय काही दिसत नाही. सूज उतरेल आणि दिसेल, किंवा नाही दिसणार. मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू.

त्याच दुपारी धाकट्याला बोलावलं. बॉलपेनची नळी समोर ठेवली. तो आधी माझ्याशी गोड बोलला. मग म्हणाला की मी झाकण उघडलं म्हणून पेटी बिघडली. मी म्हटलं, एका बाईचा एकुलता डोळा जाणार आहे. त्यावर तो म्हणाला, "ताई, तू पण तिच्यासारखी व्हायला लागलीस." आणि उद्घाटनाला कोणती साडी नेसणार ते विचारून निघून गेला.

तुझं खरं निघालं याचा मला जराही आनंद नाही. तू मला अजूनही आवडत नाहीस. पण नवीन मॉडेलची पेटी आतून कशी ओळखायची ते मला लिहून पाठव, फीत कापायच्या आत.

डॉक्टर


२० जुलै

डॉक्टरताई,

आपण एकमेकींना आवडत नाही, यावर आपलं दोघींचं एकमत आहे. तेव्हा मध्ये ते आणायला नको.

काल बंधुराज इथे येऊन गेले. इतक्या वर्षांनी. संस्थेच्या दारात उभे होते, हातात फुलांचा गुच्छ. मी विचारलं, कोण गेलं? त्यांना माझ्याकडून लेखी हवं होतं की नवीन मॉडेलचा नकाशा माझा आहे आणि त्यात फेरफार झालेला नाही. म्हणाले की फायदा तुझाच आहे, तुझं नाव होईल. मी म्हटलं, नकाशा दाखवा. तो आणला नव्हता. ज्याच्याखाली सही हवी तो कागदच आणायचा नाही, ही त्यांची नेहमीची पद्धत. मी फुलं पहारेकऱ्याला दिली आणि आत गेले.

जाताना ओरडून म्हणाले की तुमच्या मनात हे सगळं मीच भरवलंय. तुम्हाला कुणी काही भरवू शकतं, ही बातमी मला नवीन होती.

आता कामाचं. पेटी उघडल्यावर तीन गोष्टी बघा. खांब भरीव आहेत की पोकळ, नखानं दाबून बघा, पोकळ असेल तर दबेल. बोर्ड आणि पत्रा यांच्यामध्ये तुमच्या करंगळीचं टोक जायला हवं. आणि पट्टीजवळच्या चौथ्या कोपऱ्यात धातू अजिबात असता कामा नये. त्यानंतर बुडाचे पाय बघा. हात पूर्ण बाहेर ताणला की त्याचं टोक पायांच्या घेराबाहेर फार जायला नको, नाहीतर सगळा डोलारा पेशंटच्या तोंडावर यायचा.

स्क्रू ड्रायव्हर स्वतःचा न्या. तिथे मागाल तर सापडणार नाही.

पेचबाई


२ ऑगस्ट

पेचबाई,

झालं ते सांगते.

सभागृह भरलेलं होतं. आजूबाजूच्या गावांतले पुष्कळ डोळ्यांचे डॉक्टर आले होते. त्यातल्या कित्येकांकडे धाकट्याचेच जुने स्टँड आहेत. आई पहिल्या रांगेत बसली होती. नवीन मॉडेलला पांढरा रंग, वर निळा पट्टा, दिसायला राजस. धाकट्यानं भाषण केलं. मग माझ्या हातात कात्री दिली.

मी फीत कापली आणि कात्री परत दिली. मग पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला. लोकांना वाटलं, ही कार्यक्रमाचीच गंमत आहे. एकानं टाळीही वाजवली. मी दिव्याच्या पेटीचं झाकण काढून खुर्चीवर ठेवलं. धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, ही आपली घरची भानगड आहे." मी माइकजवळच होते. तेवढं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

तीन कोपऱ्यांत तेच पोकळ पांढरं प्लास्टिक. नखानं दबलं. आणि चौथ्या कोपऱ्यात चकचकीत पितळी खांब. पेचबाई, चौथ्या कोपऱ्यात! झाकण काढलं की तोच कोपरा आधी दिसतो. कुणी उघडून बघितलंच तर पितळ दिसावं म्हणून त्यानं एकच घातला होता, आणि तोही नेमका जिथे नको तिथे. त्याला लबाडीसुद्धा नीट करता आली नाही. मला रागापेक्षा किळस आली.

मी फार बोलले नाही. माझ्या रुग्णालयात काय झालं ते सांगितलं, बाईंचं नाव न घेता, माझी चूक न वगळता. मग म्हटलं, घरी जाऊन आपापल्या पेट्या उघडा. एक म्हातारे डॉक्टर उठून पुढे आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आत वाकून बघितलं आणि धाकट्याला विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?" तो म्हणाला, कामगारांनी केलं असेल. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की माझाच भाऊ असून मला त्याची कीव आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पेट्या परत येताहेत. कारखान्याला कुलूप आहे. आई माझ्याशी बोलत नाही. घरी सगळ्यांचं ठरलंय की माझ्या डोक्यावर परिणाम झालाय आणि त्याला वय कारण आहे. जेवणाच्या टेबलावर मी तोंड उघडलं की पाणी द्या, मीठ द्या असं सुरू होतं. तू तिथे इतके दिवस कशी बसलीस, मला कळत नाही. मी परवापासून रुग्णालयातच जेवते.

त्या सगळ्या डॉक्टरांना आता खांब हवेत, आणि बसवून देणारं माणूस. मी तुझं नाव सांगितलं. तुला विचारलं नाही, तू नाही म्हणाली असतीस. आधी माझ्याकडे ये, माझ्या स्टँडचे पाय तोकडे आहेत, मी मोजले. राहायला रुग्णालयात एक खोली आहे. खिडकी पुसलेली नाही.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते, तेवढ्यात शिवणकामवाल्या बाई तपासणीला आल्या. सूज गेल्या आठवड्यापासून उतरत होती, पण मी आशा ठेवली नव्हती. त्यांना तक्त्यासमोर बसवलं आणि सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचायला सांगितलं. त्यांनी तक्त्याकडे बघितलंच नाही. मान वाकडी करून माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि मग तोंड वेडंवाकडं करून म्हणाल्या, "ही बाही कुणी लावली? डावीला उजवी जोडलीय आणि कच्चे टाके तसेच सोडून दिलेत. एवढ्या मोठ्या डॉक्टर तुम्ही, आणि हे घालून फिरता?"

मी बघितलं. खरंच कच्चे टाके तसेच होते. मी कोट काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तिथेच, तक्त्यासमोर बसून, दातांनी दोरा तोडला आणि बाही उसवायला घेतली.

डॉक्टर